तीनशे कोटी अक्षरांतला पत्ता

पुण्याच्या पेठेतले घर नुसत्या क्रमांकावरून ज्याने शोधून काढले, त्याला जगात काहीही सापडेल, असे गमतीने म्हणावेसे वाटते. पण त्या गृहस्थानेही हात टेकावेत असा एक पत्ता शास्त्रज्ञांना रोज शोधावा लागतो. हा पत्ता गल्लीबोळांतला नव्हे; तो आहे आपल्या पेशींतल्या डीएनएमधला.

डीएनए ही एक पोथीच समजा. तिची लिपी अवघ्या चार अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. मनुष्याच्या पोथीत अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत आणि गुणसूत्रे हे तिचे खंड. एकट्या अकराव्या खंडात साडेतेरा कोटी अक्षरे! एवढ्या रानातून नेमकी तीन अक्षरे उचलून आणायची, तर पत्ता चोखच हवा.

एका अक्षराचा घोटाळा

तीन अक्षरांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. त्याला उत्तर आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे मिळते. तिकडच्या आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेल हा रक्ताचा विकार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. रक्तातील हिमोग्लोबिन घडवणाऱ्या मजकुरात ‘जीएजी’ अशी तीन अक्षरे असतात. त्यांतले मधले ‘ए’ जाऊन तेथे ‘टी’ आले, की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि रोगी वेदनांनी तळमळतो. आईबाप दोघेही दिसायला धडधाकट, पण दोघेही या दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो.

साधी तपासणी रक्तातल्या हिमोग्लोबिनवरून होते. पण गर्भाची तपासणी करायची तर प्रत्यक्ष ते अक्षर वाचावे लागते. आणि त्या तपासणीची आखणी करण्यासाठी त्याच्या मागची-पुढची अक्षरेही हाती लागतात.

पत्त्यांची यादी

हे काम आज संगणक करतो. एका फाइलीत पोथीचा सारा मजकूर असतो. तिला ‘फास्टा’ म्हणतात. दुसरीत नुसते पत्ते: ओळीला एक पत्ता, गुणसूत्र कोणते, आरंभ कोठे, शेवट कोठे. ही ‘बेड’ फाइल. दोन्ही ‘बेडटूल्स’ या साधनाच्या हवाली केल्या, की त्याचा ‘गेटफास्टा’ हा आदेश त्या त्या ठिकाणची अक्षरे काढून देतो. आरन क्विन्लन आणि आयरा हॉल यांनी २०१० साली हे साधन जगापुढे ठेवले. ते सारी पोथी चाळत बसत नाही. जाड शब्दकोशाच्या कडेला खाचा असतात ना, तशी एक सूची आधी तयार केलेली असते. तिच्या आधाराने ते थेट त्या जागी जाते.

तीन चकवे

मौज अशी, की यंत्र चुकत नाही; पत्ता लिहिणारा चुकतो.

पहिला चकवा मोजणीचा. आपली तीन अक्षरे अकराव्या गुणसूत्रावर ५२,२७,००१ ते ५२,२७,००३ या जागी आहेत. पण बेड फाइल फूटपट्टीसारखी शून्यापासून मोजते. पहिले अक्षर ० आणि १ या खुणांच्या मध्ये. म्हणून तिच्यात आरंभ ५२,२७,००० असा लिहावा लागतो. ५२,२७,००१ लिहिलात, तर तीनाऐवजी दोनच अक्षरे हाती येतात!

दुसरा चकवा आवृत्तीचा. पोथीची २००९ ची आवृत्ती वेगळी, २०१३ ची वेगळी. वर दिलेले आकडे २०१३ च्या आवृत्तीतले. त्यांत मधले अक्षर ५२,२७,००२ वर आहे. जुनीत तेच ५२,४८,२३२ वर होते. म्हणजे २१,२३० घरांचा फरक!

तिसरा चकवा बाजूचा. डीएनएचे धागे दोन, समोरासमोर. ‘ए’समोर ‘टी’, ‘जी’समोर ‘सी’. हा मजकूर आहे दुसऱ्या धाग्यावर, उलट दिशेने वाचायचा. फाइलीत बाजू नोंदवून तसे खास सांगितले नाही, तर ‘जीएजी’ऐवजी ‘सीटीसी’ मिळते.

वाईट हे, की यांतल्या कोणत्याही चुकीला यंत्र हरकत घेत नाही. पोस्टमन निदान ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा मारून पत्र परत आणतो. संगणक भलत्याच घरची अक्षरे निमूटपणे हातावर ठेवतो.

म्हणून जाणते लोक एक रीत पाळतात. शेकडो पत्ते सोडण्याआधी एका ओळखीच्या दारावर टकटक करून पाहतात. ‘जीएजी’ असे उत्तर आले तर पुढे जायचे. नाही आले, तर आधी आवृत्ती, मोजणी आणि बाजू तपासायची. दोन मिनिटांचेच काम. पण त्याच्या पलीकडे कुणाचे तरी घर उत्तराची वाट पाहत असते.