दिवसभर उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे. शिक्षकांच्या मनाला चालण्याचा आधार

थेरगाव : "दिवसभर वर्गात उभेच तर असतो, वेगळा व्यायाम कशाला?" शिक्षकांच्या तोंडी हे वाक्य हमखास असते. पण फळ्यासमोर उभे राहून पाय दुखतात, नाडीचा वेग काही फारसा वाढत नाही. उलट तासन् तास उभे राहिल्याने पायाच्या शिरा फुगण्याचा धोका असतो.

मनावरचा ताण वेगळाच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तयारीसह आठवड्याला किमान ४५ तास काम धरले आहे. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, निवडणूक, आपत्ती निवारण ही कामेही शिक्षकांना लावता येतात. वर ऑनलाइन माहिती भरणे आणि पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप. शाळा सुटते, डोके काही सुटत नाही!

नियमित भरभर चालल्याने झोप सुधारते, चिडचिड कमी होते, सौम्य नैराश्यातही फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला. बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे. सलग दहा मिनिटांची जुनी अटही तेव्हा गेली. म्हणजे मधल्या सुट्टीतले जिने, मैदानावरची फेरी हेही मोजायचे. डांगे चौकातल्या धुरात चालण्यापेक्षा सकाळी पवनाकाठ गाठलेला बरा.

मात्र शाळाबाह्य कामांचा बोजा चालून हलका होत नाही. तो प्रशासनानेच कमी करायचा. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.