पैठणच्या गुणाढ्याची बृहत्कथा
(बी.ए. द्वितीय वर्ष)

'कादंबरी' हा शब्द आपण प्रश्नपत्रिका सोडवताना कितीदा तरी लिहितो. सातव्या शतकात बाणभट्टाने 'कादंबरी' नावाची गद्यकथा लिहिली. त्या एका ग्रंथाच्या नावावरून मराठीत या साऱ्या साहित्यप्रकाराला नाव मिळाले. पण बाणाला त्या कथेचे बीज कोठून मिळाले? ते गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'तले, असे अभ्यासक मानतात. आणि हा गुणाढ्य, कथापरंपरेनुसार, प्रतिष्ठान नगरीचा. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील पैठणचा. लासूर स्टेशनहून सकाळी निघालेला माणूस छत्रपती संभाजीनगरला एस.टी. बदलून दुपारपर्यंत तेथे पोहोचतो!

जादू, राजकारण आणि नायकाने घेतलेला स्वतःचा शोध अशा त्रिवेणी संगमाच्या कादंबऱ्या आज तरुण वाचकांना वेड लावतात. 'हॅरी पॉटर' तर मराठीतही आला आहे. पण या तिन्ही धारा आपल्याकडे फार पूर्वी एकत्र आल्या होत्या, हे मला ग्रंथालयात बसल्यावरच कळले.

मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. ती 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेत होती. दंडी आणि बाण या दोघांनीही तिचा उल्लेख केला आहे. तिचे स्वरूप आपल्याला कळते ते तिच्या पुढच्या अवतारांवरून. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने 'बृहत्कथामंजरी' रचली आणि सोमदेवाने राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी 'कथासरित्सागर' रचला. त्याचे १८ लंबक आणि १२४ तरंग आहेत. विक्रम आणि वेताळाच्या पंचवीस गोष्टीही त्यातच येतात. नेपाळमध्ये बुधस्वामीचा अपूर्ण 'बृहत्कथाश्लोकसंग्रह' सापडला. या साऱ्यांतून मुख्य कथेचा सांगाडा दिसतो.

प्रथम राजकारण पाहू. वत्स देशाचा राजा उदयन हत्तींचा शौकीन. उज्जयिनीचा राजा चंडमहासेन एक यांत्रिक हत्ती करवतो, त्याच्या पोटात सैनिक लपवतो आणि उदयनाला पकडतो. उदयनाचा मंत्री यौगंधरायण वेड्याचे सोंग घेऊन शत्रूच्या राजधानीत शिरतो. राजा सुटतो आणि येताना शत्रूची कन्या वासवदत्ता हिलाही घेऊन येतो. पुढे मगधाशी सोयरीक जुळावी म्हणून हाच मंत्री लावाणक येथे आग लावून वासवदत्ता जळून मेल्याची आवई उठवतो. राज्यासाठी एका बाईला जिवंतपणी मेलेली ठरवले जाते! भासाचे 'स्वप्नवासवदत्त' हे नाटक याच प्रसंगावरचे आहे.

यानंतर जादू. उदयनाचा मुलगा नरवाहनदत्त हा कथेचा खरा नायक. त्याची प्रिया मदनमंचुका हिला मानसवेग नावाचा विद्याधर आकाशमार्गे पळवतो. मानसवेगाचीच बहीण वेगवती मदनमंचुकेचे रूप घेऊन नरवाहनदत्ताजवळ येते आणि पुढे त्यालाच साहाय्य करते. मनुष्यलोकात वाढलेल्या या राजपुत्राच्या नशिबी विद्याधरांचे चक्रवर्तिपद आहे, हे भाकीत झालेले असते; पण ते पद आयते हाती येत नाही. तो भटकतो, फसतो, तप करून विद्या मिळवतो आणि मगच मानसवेग व गौरिमुंड यांना जिंकतो. विद्याधर म्हणजे विद्या धारण करणारा. येथे जादूला शब्दच 'विद्या' हा आहे, आणि ती कष्टाने मिळवावी लागते. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पण माझ्या मनात घर करून बसली ती बृहत्कथेच्या जन्माची कथा. सोमदेवाने ती आरंभीच सांगितली आहे. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाणी उडवू नका, या अर्थी एक राणी संस्कृतात 'मोदकैः' म्हणाली. तो संधी होता: मा + उदकैः, म्हणजे 'पाण्याने नको'. राजाला व्याकरण येत नव्हते. त्याने मोदक मागवले! राणी हसली. राजा अन्नपाणी सोडून अंथरुणाला खिळला. विद्या तरी यावी, नाही तर मरण यावे, असे त्याला झाले.

राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवतो, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, अशी पैज गुणाढ्याने लावली आणि तो हरला. मौन धरून तो विंध्याच्या अरण्यात गेला. तेथे पिशाचांची भाषा शिकून, शाई नव्हती म्हणून रक्ताने, सात वर्षांत त्याने सात लाख श्लोक लिहिले. शिष्यांनी ग्रंथ राजाकडे नेला. भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची. राजाने तो झिडकारला. तेव्हा गुणाढ्याने अग्निकुंड पेटवले. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचे आणि जाळायचे. जनावरे चरायची थांबून आसवे गाळीत ऐकत राहिली. राजाला कळून तो धावत आला, तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरला एक लाख. तो होता नरवाहनदत्ताचा भाग, शिष्यांना आवडला म्हणून राखून ठेवलेला.

हा इतिहास नव्हे, ही दंतकथा आहे. ती लिहिणारा सोमदेव सातवाहनांनंतर कित्येक शतकांनी झाला. प्रत्यक्षात सातवाहनांचे नाणेघाट व नाशिकचे शिलालेख प्राकृतातच आहेत, आणि 'गाथासप्तशती' हा प्राकृत संग्रह हाल सातवाहनाच्याच नावावर आहे. तेव्हा त्या राजांना लोकांच्या भाषेचे वावडे होते, असे मुळीच नाही. पण ही दंतकथा जिने कोणी रचली, त्याला भाषेची लाज म्हणजे काय ते पक्के ठाऊक होते.

ते मलाही ठाऊक आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आई कांदा निवडायला जाते, वडील हमाली करतात. अकरावीत असताना परगावी एका वक्तृत्व स्पर्धेत मी पाणीटंचाईवर बोलले. प्रत्येक वेळी तोंडून 'पानी' गेले. मागच्या बाकांवर हसू पिकले. राजासारखीच माझी फजितीही पाण्यावरूनच झाली! त्यानंतर सहा महिने मी वर्गात तोंड उघडले नाही. घरी आईलाच टोकू लागले, "'लोनी' नाही, 'लोणी' म्हण." एकदा ती म्हणाली, "बाई, तू शिकली, मी कामून बोलू नको?" मला उत्तर सुचले नाही.

यंदा पैशाचीविषयी वाचताना मी थबकले. प्राकृताचा वैयाकरण हेमचंद्र या भाषेचे लक्षण सांगतो की तिच्यात 'ण'चा 'न' होतो. 'गुण' तेथे 'गुन' होतो. 'द'चा 'त' होऊन 'दामोदर' हा 'तामोतर' होतो. म्हणजे या भाषेत गुणाढ्याच्या स्वतःच्या नावातला 'ण'सुद्धा टिकला नसता! माझी बोली पैशाचीतून आली, असा दावा मी करीत नाही. तसा पुरावा नाही. पण ज्याला लोक हसतात तो उच्चार एका भाषेचा नियम होता, व्याकरणात नोंदलेला, आणि त्या भाषेतल्या कथेवर पुढे काश्मीर आणि नेपाळ पोसले गेले, एवढे तरी खरे.

प्रमाण भाषा शिकू नये, असे मला म्हणायचे नाही. राजाने व्याकरण शिकून घेतले, ते योग्यच केले. मीही शिकते आहे. पण शिकल्यावर समोर आलेली पोथी केवळ तिच्या भाषेवरून त्याने परतवली, ही त्याची खरी चूक. शिकलेल्या माणसाकडून हीच चूक फार लवकर होते. माझ्याकडून तर घरातच झाली.

आपल्या गावच्या ओट्यांवर, कांद्याच्या खळ्यावर, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी अजून कितीतरी कथा आहेत. त्या 'पानी' आणि 'लोनी'च्या भाषेतच आहेत. गुणाढ्याच्या सात लाखांतले एक लाख श्लोक वाचले, ते दोन शिष्यांनी जीव लावून जपले म्हणून. या सुट्टीत मी आईजवळ वही घेऊन बसणार आहे. ती सांगेल तशीच कथा उतरवून घेईन, 'न'चा 'ण' न करता.