साडेचारशे व्होल्ट आणि फोनवरची ऑर्डर

नव्या इंटर्नची तुकडी आली की केसपेपर कसा लिहायचा, रक्त चढवण्याआधी काय काय तपासायचं, हे सांगायचं काम बहुधा माझ्याकडे येतं. या वेळी एका मुलीने मध्येच विचारलं, "सर, वरून हुकूम आला तर शंभरातली ६५ माणसं दुसऱ्याचा जीवसुद्धा घेतात, हे प्रयोगाने सिद्ध झालंय ना?" तिने मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. एका वाक्यात उत्तर देता येईना. मी 'नंतर बोलू' म्हणालो आणि राऊंडला गेलो. ते राहून गेलेलं उत्तर आज इथे देतो, कारण हा आकडा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो.

आकडा स्टॅन्ली मिलग्रॅम यांचा. १९६१ साली ते अमेरिकेतल्या येल विद्यापीठात शिकवत होते. वय जेमतेम अठ्ठावीस. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमन याच्यावर खटला सुरू झाला होता आणि 'मी फक्त हुकूम पाळला' हा त्याचा बचाव जगभर गाजत होता. मिलग्रॅम यांनी स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी माणसं हवीत, अशी जाहिरात दिली. मोबदला चार डॉलर आणि वर जाण्यायेण्याचे पन्नास सेंट. आलेल्या माणसाला 'शिक्षक' करायचं आणि दुसऱ्या एका गृहस्थांना 'विद्यार्थी'. चिठ्ठ्या टाकल्याचं नाटक व्हायचं, पण दोन्ही चिठ्ठ्यांवर 'शिक्षक' असंच लिहिलेलं असे. विद्यार्थी हा मिलग्रॅम यांचाच माणूस. तो पलीकडच्या खोलीत खुर्चीला बांधलेला. उत्तर चुकलं की शिक्षकाने विजेचा शॉक द्यायचा आणि दर चुकीला एक खटका वर जायचं. १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत तीस खटके. प्रत्यक्षात विद्यार्थ्याला एकही शॉक बसत नव्हता. ३०० व्होल्टला तो भिंतीवर हात आपटायचा आणि थोड्या वेळाने उत्तरंच बंद व्हायची. शिक्षक थबकला की करडा कोट घातलेला संशोधक शांतपणे म्हणायचा, 'कृपया पुढे चालू ठेवा.'

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ४० पुरुष होते. त्यातले २६ शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. हेच ते ६५ टक्के.

एवढ्यावर व्हिडिओ संपतो. मूळ निबंध मात्र पुढेही वाचण्यासारखा आहे. ही माणसं थंडपणे खटके दाबत नव्हती. ती घामाघूम झाली, थरथरत होती, ओठ चावत होती. चौदा जण विचित्र हसत सुटले. तिघांना अनावर झटके आले, त्यातल्या एकाचे इतके तीव्र की प्रयोग तिथेच थांबवावा लागला. डॉक्टर म्हणून मी हे वाचतो तेव्हा मला विद्यार्थ्याच्या खोट्या वेदनेपेक्षा शिक्षकाची खरी वेदना जास्त दिसते. त्या इमारतीत छळ झाला असेल, तर तो त्या दिवशी चार डॉलरसाठी आलेल्या माणसाचा झाला.

दुसरी गोष्ट, ६५ हा माणसाच्या स्वभावाचा आकडा नव्हे, तो एका विशिष्ट मांडणीचा आकडा आहे. मिलग्रॅम यांनी मांडणी पुनःपुन्हा बदलून पाहिली. विद्यार्थ्याला त्याच खोलीत आणून बसवलं तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० टक्क्यांवर आले. त्याचा हात धरून तबकडीवर दाबायला सांगितलं तेव्हा ३० टक्के. संशोधक खोलीतून निघून गेला आणि फोनवरून सूचना देऊ लागला तेव्हा साधारण २० टक्के. यात तर काही जण फोनवर 'हो, वाढवतोय' म्हणत होते आणि प्रत्यक्षात खालचाच खटका दाबत होते! शेजारी बसलेले दोन सहशिक्षक (तेही आधीच ठरवलेले) 'आम्ही नाही करणार' म्हणून उठले, तेव्हा ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले. आणि दोन संशोधक एकमेकांशी वाद घालू लागले, तेव्हा एकही नाही. हे सगळे आकडे मिलग्रॅम यांचेच आहेत. पण व्हायरल होतो तो ६५.

पद्धतीबद्दलच्या शंका नंतर वाढत गेल्या. संशोधकाने चार ठरावीक वाक्यंच म्हणायची होती. ऑस्ट्रेलियन लेखिका जीना पेरी यांनी येलमधली जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली, तेव्हा तो बऱ्याचदा पाठ सोडून माणसाला गळ घालत होता असं दिसलं. किती जणांना शॉक खरे वाटले होते, हाही प्रश्नच. मिलग्रॅम यांनी नंतर पाठवलेल्या प्रश्नावलीत निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी 'पूर्ण विश्वास होता' असं सांगितलं. बाकीच्यांच्या मनात कमीअधिक शंका होती. आणि ते चौथं वाक्य, 'तुमच्यापुढे दुसरा पर्यायच नाही, पुढे जायलाच हवं', हाच खरा हुकूम. जेरी बर्गर यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १५० व्होल्टलाच थांबायचं ठरवलं होतं. तिथेही बहुतेक लोक थांबायला तयार नव्हते, पण ज्यांना चौथ्या वाक्यापर्यंत न्यावं लागलं, त्यातलं कुणीही पुढे गेलं नाही. 'विज्ञानासाठी हे गरजेचं आहे' म्हटल्यावर माणसं ऐकत होती, 'मुकाट्याने कर' म्हटल्यावर नाही. मग याला आज्ञापालन म्हणायचं की विश्वास, यावर मानसशास्त्रज्ञांचा वाद अजून चालू आहे.

नीतीचा प्रश्न डायना बॉमरिंड यांनी १९६४ सालीच विचारला होता. विश्वासाने आलेल्या माणसाला फसवायचं, हादरवायचं आणि घरी पाठवायचं, हे चालेल का? मिलग्रॅम यांचं उत्तर असं, की नंतर विचारलं तेव्हा ८४ टक्के लोकांनी भाग घेतल्याचा आनंद आहे असं सांगितलं. हे उत्तर मला पटत नाही. न विचारता केलेलं ऑपरेशन यशस्वी झालं आणि पेशंटने नंतर हात जोडले, म्हणून संमती न घेणं माफ होत नाही. शिवाय पेरी यांच्या शोधानुसार अनेकांना खरी हकीकत त्या दिवशी सांगितलीच नव्हती, ती काही महिन्यांनी टपालाने आलेल्या अहवालातून कळली. आपण एका माणसाला मारलं की काय, हे ओझं घेऊन कुणी महिनेच्या महिने काढले असतील, तर ते कोणत्या टक्केवारीत मोजायचं? आज आपल्याकडे आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा प्रस्ताव आधी एथिक्स कमिटीपुढे जातो. माहिती दडवायची असेल तर कारण द्यावं लागतं आणि नंतर खरं सांगावं लागतं.

पण मला त्या मुलीला सांगायचा होता तो दुसरा प्रयोग, आमच्या धंद्याजवळचा. मानसोपचारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग आणि सहकाऱ्यांनी तो १९६६ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या खऱ्या वॉर्डांत ड्युटीवरच्या २२ नर्सना, एकेकीला, फोन आला. बोलणारे डॉक्टर अनोळखी. अमक्या पेशंटला 'अ‍ॅस्ट्रोटेन' २० मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो. डबीवर स्पष्ट लिहिलेलं होतं, दिवसाची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. फोनवर ऑर्डर घेणं नियमबाह्य, आणि औषध वॉर्डाच्या यादीतही नाही. २२ पैकी २१ जणी डोस घेऊन पेशंटकडे निघाल्या. वाटेत त्यांना थांबवलं गेलं. कॅप्सूल अर्थात निरुपद्रवी होत्या. हाच प्रसंग कागदावर मांडून दुसऱ्या १२ नर्सना विचारलं होतं, तेव्हा १० जणींनी 'आम्ही देणार नाही' असं सांगितलं होतं.

वर्षानुवर्षं हा प्रयोग 'नर्स आंधळेपणाने ऐकतात' म्हणून शिकवला गेला. १९७७ साली रँक आणि जेकबसन यांनी त्यात दोन गोष्टी बदलल्या. औषध ओळखीचं, व्हॅलियम. आणि नर्सला सहकाऱ्यांशी बोलायची मोकळीक. १८ पैकी १६ जणींनी तो जादा डोस दिला नाही. आणखी एक गोष्ट मला खटकते. या दोन्ही प्रयोगांत परीक्षा झाली ती नर्सची. असली ऑर्डर फोनवरून देणाऱ्या डॉक्टरची परीक्षा कुणी घेतली नाही.

माझी झाली आहे. रेसिडेंट होतो तेव्हाची गोष्ट. इमर्जन्सीची सलग दुसरी रात्र. जुलाबाच्या पेशंटचा पोटॅशियमचा रिपोर्ट कमी आला, म्हणून मी खालून फोन केला, सलाईनमध्ये पोटॅशियम घालून चालू करा. सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, या पेशंटला दुपारपासून लघवी झालेली नाही. तरी द्यायचं?" मी चिडलो. "सिस्टर, सांगितलंय तेवढं करा." पलीकडे क्षणभर शांतता. मग, "मग वर येऊन केसपेपरवर लिहून द्या. तोवर मी लावत नाही."

मी तणतणत चार मजले चढलो. लघवीची पिशवी रिकामी होती. मूत्रपिंडं काम करत नसतील तर दिलेलं पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदय थांबू शकतं, हे मला परीक्षेत पाठ होतं. रिपोर्ट सकाळच्या नमुन्याचा होता. पुन्हा तपासला तेव्हा पोटॅशियम वाढलेलं निघालं. मी ऑर्डर खोडली, खाली सही केली. सॉरी म्हणालो की नाही, आठवत नाही. बहुधा नाही.

त्या सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभात मी त्यांना ती रात्र आठवते का, असं विचारलं. आठवत होती. भीती नाही वाटली? "वाटली ना, डॉक्टर. तुम्ही तक्रार केली असती तर मेमो आला असता. पण त्या रात्री वॉर्डात आम्ही दोघी होतो. फोनवर हात ठेवून मी दुसरीला विचारलं, ती म्हणाली, नको लावूस."

इंटर्नच्या पुढच्या वर्गात हे सगळं सांगितलं, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, पण आपल्या वॉर्डात रात्री एकच सिस्टर असते." साठ पेशंट आणि एक सिस्टर. मी तसं लिहून वर दिलं आहे, तिसऱ्यांदा.