पैनगंगेपलीकडचं कोर्ट

पांढरकवड्याचा शेतकरी अपिलासाठी नागपूरला जातो. पैनगंगेपलीकडचा, बेला-जैनथकडचा, हैदराबादला. घरची भाषा मराठीच, शिवारात कपाशीच, हायकोर्टं मात्र दोन. सीमेची आजची आखणी १९५६ची. राज्य पुनर्रचनेत किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आले. भैंसा, मुधोळ, कुबेर नांदेडमधून आदिलाबादकडे गेले.

पुढची वाटणी तेलंगणाची. २ जून २०१४ रोजी राज्य आंध्रपासून वेगळं झालं, पण दोघांचं हायकोर्ट सामाईकच राहिलं. दिल्लीत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने वरच्या कोर्टांचे न्यायाधीश नेमण्यासाठी सहा जणांच्या आयोगाला मंजुरी दिली: सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन मान्यवर. १६ ऑक्टोबर २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो आयोग मोडीत काढला आणि कॉलेजियम, म्हणजे न्यायमूर्तींनीच न्यायमूर्ती निवडायची पद्धत, कायम राहिलं. ते एक मत न्यायमूर्ती चेलमेश्वर यांचं, म्हणजे आंध्रच्याच मातीतल्या माणसाचं. कॉलेजियमच्या बंद दारावर त्यांनी बोट ठेवलं आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बैठकांना जाणं थांबवलं.

दिल्लीत वाद होता, वरचे न्यायाधीश निवडायचे कोणी? हैदराबादेत न्यायाधीशांचा प्रश्न खालच्या पायरीवर उतरला. २०१६च्या मे महिन्यात हायकोर्टाने कनिष्ठ न्यायाधीशांच्या दोन राज्यांतल्या वाटपाची तात्पुरती यादी काढली. आंध्रचे लोक आमच्या वाट्याला घातले, म्हणत तेलंगणातले वकील कोर्टाबाहेर पडले. जूनअखेर न्यायाधीशच राजभवनावर चालत गेले. निकाल देणारेच निवेदन घेऊन रस्त्यावर! हायकोर्टाने अकरा जणांना निलंबित केलं, तेव्हा सुमारे दोनशे जण सामूहिक रजेवर गेले. पुढे निलंबन मागे घेतलं गेलं आणि १ जानेवारी २०१९ पासून तेलंगणाचं हायकोर्ट स्वतंत्र झालं. २०२१मध्ये तिथली न्यायाधीशांची मंजूर पदं २४ वरून ४२ झाली.

मागे वळून पाहताना एक गोष्ट लक्षात येते. दिल्लीने विचारलं, निवडणारा कोण? हैदराबादने विचारलं, निवडलेला कुठला? आदिलाबादच्या माणसाचा प्रश्न तिसराच आहे: निवडलेल्याला माझं कळेल का? ज्याच्यापुढे त्याला उभं राहायचं असतं तो खालच्या कोर्टातला जज्ज. हायकोर्ट सुमारे तीनशे किलोमीटर दूर. पिंजऱ्यातला साक्षीदार मराठीत किंवा गोंडीत सांगतो, ते दुसऱ्या भाषेतून समजून घेतलं जातं आणि कागदावर तिसऱ्याच भाषेत उतरतं. ‘बांध सरकवला’ म्हणजे नेमकं काय केलं, हे त्या प्रवासात पुसट होतं आणि निकाल त्याच कागदावर लागतो.

आयोग असो, कॉलेजियम असो की हायकोर्टाची वाटपाची यादी, ‘बोली येते का?’ असा रकाना कुठेच नव्हता.