वारसा कायदा, बाबासाहेब आणि भंडारा

1954 च्या मे महिन्यात भंडारा मतदारसंघात झालेल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले आणि सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, ही नोंद सर्वपरिचित आहे. परंतु ज्या वारसा कायद्याच्या रखडपट्टीमुळे, इतर कारणांबरोबरच, त्यांनी मंत्रिपद सोडले होते, त्या कायद्याची निकड ज्या मालगुजारी मुलखाला होती तेथेच ते मते मागत होते, हा संबंध सहसा तपासला जात नाही.

आंबेडकरांची पहिली विद्या अर्थशास्त्राची. 1918 ते 1920 या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात हा विषय शिकवल्यानंतर ते लंडनला परतले, 1922 मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षापासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. व्यवसायातील खरे वळण मात्र 1942 मध्ये आले; वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि पक्षकाराची बाजू मांडणारा वकील कायदा घडवणाऱ्याच्या जागी आला. 1947 मध्ये विधिमंत्री झाल्यावर बी. एन. राव समितीचा हिंदू संहितेचा, म्हणजे वारशासह हिंदूंचा कौटुंबिक कायदा एकत्र करणारा, मसुदा त्यांच्या हाती आला.

या मसुद्याचे मोल भंडाऱ्यातून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. मालगुजार म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी आणि तिच्यासोबत गावाची मालकी मिळालेला जमीनदार. ही मालकी आण्यांत मोजली जाई, म्हणजे सोळा आणे गावात एका भावाकडे चार आणे, तर पुतण्याकडे दोन आणे असा हिस्सा असे. विभक्त झालेला हिस्सेदार निपुत्रिक वारल्यास त्याच्या विधवेला मर्यादित हक्क मिळे: उत्पन्न तिचे, पण कायद्याने मान्य केलेल्या गरजेवाचून तिला जमीन विकता येत नसे आणि तिच्या पश्चात ती पतीच्या वारसांकडे जाई. तिने लेकीच्या लग्नासाठी एखादे शेत विकले, तरी ती गरज खरी होती का, यावर दीर दावा लावू शके. शिवाय भंडारा ज्यात होता त्या मध्य प्रांतात सामान्यतः मिताक्षरा या हिंदू वारसा-परंपरेचा बनारस संप्रदाय चाले, तर पश्चिम महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे आपला मुंबई संप्रदाय सोबत आणीत. वडिलांकडून आलेल्या मिळकतीवर मुलीला मुंबई संप्रदायात पूर्ण मालकी मिळे, बनारस संप्रदायात केवळ मर्यादित. एकाच गावातील दोन मुलींचे हक्क पूर्वजांच्या स्थलांतरावर ठरावेत, हा अन्यायच होता, आणि एकच संहिता हवी या आग्रहामागील बळ येथे कळते.

31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा होऊन ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ठरले. घरच्या कसणुकीची जमीन मात्र जुन्या मालकांकडेच राहिल्याने वारशाचे तंटे संपले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला. संहितेचे तुकडे होऊन पुढे वेगवेगळे कायदे झाले. त्यांपैकी हिंदू उत्तराधिकार अधिनियम 17 जून 1956 रोजी लागू झाला. त्याच्या चौदाव्या कलमाने विधवेच्या मर्यादित हक्काचे पूर्ण मालकीत रूपांतर केले. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हिस्सा मात्र दिला नाही. महाराष्ट्राने 1994 मध्ये तो दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर तो 2005 मध्ये आला आणि त्यासाठी त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले.

आज वारसाची नोंद करताना बहिणींपुढे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून देणारा दस्त, ठेवला जातो. सही करण्यापूर्वी प्रत्येकीने तो वाचावा, त्यातील गट क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहावे आणि वाटल्यास सही नाकारावी, कारण हक्क सोडण्याची सक्ती कोणताही कायदा करीत नाही.