आधी कॅमेरा की आधी काम?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक नेहमीपेक्षा तासभर लांबली. विषय होता कॅमेरा. गटातल्या एका ताईंची मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आपल्याकडच्या धवलारणींची गाणी, सुक्या मासळीचं काम, पांढऱ्या कांद्याच्या माळा, या सगळ्याच्या फिल्म आपणच करूया. साठ हजारांत चांगला कॅमेरा येतो." गटाच्या खात्यात तेव्हा बहात्तर हजार होते. निम्म्या जणी हो म्हणाल्या, निम्म्या नको.

नको म्हणणाऱ्यांचं कारण कोपऱ्यात उभं होतं. चार वर्षांपूर्वी आम्ही पापडाचं मशीन घेतलं होतं. त्याला थ्री-फेज वीज लागते, हे घरी आणल्यावर कळलं. आता खाऱ्या वाऱ्याने त्याला गंज चढलाय आणि आम्ही त्यावर पिशव्या ठेवतो.

हो म्हणणाऱ्या एका काकूंनी मात्र सगळ्यांना गप्प केलं. त्या म्हणाल्या, "दादासाहेब फाळक्यांच्या बायकोने अंगावरचे दागिने काढून दिले, म्हणून आपल्याकडे सिनेमा आला. सगळ्याच घाबरल्या तर काय होणार?"

काकूंचं म्हणणं खरं आहे. पण ती गोष्ट पुरी ऐकूया. फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि तिथून कॅमेरा घेऊन आले. त्यासाठी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं. पण त्याआधी त्यांनी मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिक्षण घेतलं होतं, फोटोग्राफी केली होती, छापखाना चालवला होता. त्यांचा हात तयार होता. कॅमेरा आल्यावरही त्यांनी लगेच मोठा सिनेमा काढला नाही. वाटाण्याचं बी पेरलं, रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपलं आणि ती छोटी फिल्म भांडवल देणाऱ्याला दाखवली. सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, शिवाय फिल्मला भोकं पाडणं, ती रसायनात धुणं हे कामही त्या शिकल्या. मग ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. म्हणजे आधी शिकलेले हात, मग छोटा नमुना आणि मग मोठा खर्च, असा तो क्रम होता.

अहमदाबादच्या सेवा संस्थेतही १९८४ साली कष्टकरी बायकांनी व्हिडिओ चित्रण शिकून घेतलं. त्यातल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा "आपल्याला जमेल का" ही भीती नको. प्रश्न फक्त पैसा कधी आणि कशावर घालायचा, एवढाच आहे.

आम्ही वहीत हिशोब मांडला. तुम्हीही मांडा, आकडे तुमचे घाला.

साठ हजारांचा कॅमेरा चार वर्षं चालेल असं धरलं, तर वर्षाला पंधरा हजार घसारा. हेच साठ हजार गटात महिना एक टक्क्याने फिरले असते, तर वर्षाला सात हजार दोनशे व्याज आलं असतं. ते बुडालं. दुरुस्ती, बॅटरी, कार्ड यांना अठ्ठावीसशे धरले. एकूण झाले पंचवीस हजार. म्हणजे कॅमेरा कपाटात पडून राहिला तरी वर्षाला एवढा खर्च आहेच. समजा, तोच कॅमेरा दिवसाला दीड हजार भाड्याने मिळतो. मग पंचवीस हजारांत सोळा-सतरा दिवस भाडं भरता येतं. वर्षात सतरा दिवसांपेक्षा जास्त काम असेल तर विकत घेणं परवडेल, कमी असेल तर भाड्याने आणावा.

आम्ही दिवस मोजले. कांदा काढून माळा विणायचे तीन दिवस, मासळी वाळवायचे दोन, लग्नसराईचे चार. झाले नऊ. हिशोब बघून काकूच म्हणाल्या, "मग आत्ता नको."

त्यात आपला किनारा. पावसाळ्यात दमट हवेने लेन्सवर आतून बुरशी धरते. खाऱ्या हवेने स्क्रू आणि जोड गंजतात. कॅमेरा घेतलाच, तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा लागेल आणि समुद्रावरून आल्यावर दर वेळी कोरड्या, स्वच्छ कपड्याने पुसावा लागेल. हे काम कोण करणार, तिचं नाव आधी ठरवा.

आता एक माझीच चूक सांगते. आमच्या वाडीत एक म्हाताऱ्या धवलारीण होत्या. लग्नात हळदीपासून वरात येईपर्यंतचे धवले त्यांना तोंडपाठ. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना मोबाईलवर टिपलं. मागे समुद्र छान दिसावा म्हणून त्यांना किनाऱ्यावर बसवलं. गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या मुलीला मी ती फिल्म दाखवली. आई अगदी स्पष्ट दिसत होती, पण ऐकू येत होता फक्त वारा. मुलगी म्हणाली, "ताई, आवाज वाढव ना." मी काय वाढवणार?

त्या दिवशी साठ हजारांचा कॅमेरा असता, तरी हेच झालं असतं. कमी पडला तो माईक, आणि त्याहून जास्त माझी समज.

म्हणून आमच्या गटाने ठराव केला, तो असा. आधी हातातल्या मोबाईलवर तीन छोट्या फिल्म करायच्या. प्रत्येक फिल्म झाल्यावर एकत्र बसून बघायची आणि काय कमी पडलं ते लिहायचं. जे तीनदा कमी पडेल, तेच विकत घ्यायचं. आत्ता घेतला एक कॉलरला लावायचा माईक, त्यावरची केसाळ टोपी, मोबाईलचा स्टँड आणि एक मेमरी कार्ड. सगळं साडेतीन हजारांच्या आत. उजेडासाठी पांढरी चादर धरतो, तिला पैसे पडत नाहीत.

आणखी चार गोष्टी वहीत लिहिल्या. वस्तू गटाच्या नावावर, पावती फाईलला. कोणी नेली, कधी परत आणली याची नोंद. पडून फुटली तर खर्च कोणाचा, हे आधीच ठरलेलं. आणि जिचं गाणं किंवा काम टिपायचं, तिची परवानगी घ्यायची. त्यातून पैसे आले तर तिचा वाटा आधी काढायचा.

पहिली फिल्म गेल्या आठवड्यात झाली. दुसऱ्या एका धवलारीण आजींना पडवीत, वाऱ्याच्या आडोशाला बसवलं. पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या, इअरफोन लावून आधी एक मिनिट ऐकून बघितलं. मग चाळीस मिनिटं त्या गायल्या. त्याची एक प्रत मेमरी कार्डात आहे, दुसरी त्या मुलीच्या कॉम्प्युटरमध्ये.

कॅमेऱ्याचा विषय दिवाळीनंतरच्या बैठकीत पुन्हा घेऊ. तोवर कामाचे दिवस सतरावर गेले, तर पहिली सही मी करीन. पण मैत्रिणींनो, तुमच्या गावात अशी कोणी आजी असेल, तर दिवाळीची वाट बघू नका. मोबाईल घेऊन आजच जा, आणि वाऱ्याकडे पाठ करून बसा.