सगळे चिखलदऱ्याला जातात, वाटेतली वऱ्हाडची जुनी राजधानी मात्र रिकामीच! दोन दिवसांच्या सुट्टीसाठी निवांत गाव कसं निवडाल?

जुलै-ऑगस्टमधला शनिवार. अमरावतीहून निघालेल्या गाड्या परतवाड्यात चहाला थांबतात आणि तिथून थेट चिखलदऱ्याचा घाट धरतात. वर धुकं असतं, कणीस असतं आणि गाडी लावायला जागा नसते. अर्धा दिवस रांगेत जातो, उरलेला सेल्फी पॉइंटवर.

गंमत अशी, की जिथे चहा पिऊन लोक पुढे गेले, त्या परतवाड्याला चिकटूनच अचलपूर आहे. एकेकाळी अख्ख्या वऱ्हाडाची राजधानी असलेलं गाव. तिथे मात्र त्याच शनिवारी गर्दीचं नावही नसतं.

असं का झालं, हे कळलं की सुट्टीसाठी निवांत गाव शोधण्याची किल्लीच हाती लागते.

मोठी गावं शांत कशी झाली?

अचलपूरचं जुनं नाव एलिचपूर. १२९६ मध्ये देवगिरीवर चालून जाताना अलाउद्दीन खिलजीने याच गावी मुक्काम केला होता. पुढे बहामनी राज्याचे तुकडे पडले आणि १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला. त्याच्या इमादशाहीची ही राजधानी. १५७४ मध्ये इमादशाही अहमदनगरच्या निजामशाहीत गेली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मुघलांकडे आलं. तरीही एलिचपूरचं महत्त्व टिकून होतं.

मग घसरण झाली कशी? १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि अमरावती, अकोला ही मुख्य ठाणी झाली. त्यानंतर रेल्वे आली. मुंबईहून भुसावळमार्गे निघालेला मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. तो अकोल्यावरून आणि अमरावतीजवळच्या बडनेऱ्यावरून गेला. कापसाचा व्यापार, कचेऱ्या, शाळा-कॉलेजं सगळं रुळाच्या बाजूला सरकलं. एलिचपूर स्वतंत्र जिल्हा होता, तोही १९०५ मध्ये अमरावतीत विलीन झाला. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी 'शकुंतला' ही नॅरोगेज गाडी आली, पण तोवर बाजार हलला होता. आज तीही बंद आहे.

म्हणजे पहिली खूण ही: जे गाव पूर्वी मोठं होतं आणि ज्याला मुख्य रेल्वेमार्गाने टाळलं, तिथे पाहण्यासारखं भरपूर आणि गर्दी कमी असण्याची शक्यता जास्त.

अचलपूर: दरवाजांचं गाव

जुन्या तटबंदीचे दरवाजे अजून उभे आहेत आणि त्यांच्याखालून रोजची रहदारी चालते. गावाबाहेर हौज कटोरा आहे. तलावाच्या मधोमध उभी असलेली अष्टकोनी, कमानींची, एकावर एक मजले असलेली ही इमारत. सकाळच्या तिरप्या उन्हात ती सगळ्यात छान दिसते. गावात शाह अब्दुल रहमान यांचा दर्गा आहे. तिथे डोकं झाकून, पादत्राणं बाहेर ठेवून जायचं. आजूबाजूला संत्र्याच्या बागा आहेत, त्यामुळे हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला ताजी संत्री मिळतात.

बाळापूर: दोन नद्यांच्या मधला किल्ला

अकोल्याहून साधारण २५ किलोमीटरवर बाळापूर. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर विटांचा भक्कम किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने त्याची सुरुवात केली आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये तो पूर्ण केला, असं मानलं जातं. मन नदीच्या काठावर एक सुबक दगडी छत्री आहे. ती मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाते. हो, १६६५ च्या पुरंदरच्या तहातले तेच मिर्झाराजे.

या गावाजवळ १७२० मध्ये निजाम-उल-मुल्कने आलमअलीखानाचा पराभव केला. पुढच्या हैदराबाद संस्थानाचा पाया घालण्यात या लढाईचा मोठा वाटा होता. एवढं सगळं, तेही अकोल्याहून अर्ध्या दिवसात पाहून परत येता येईल इतक्या अंतरावर!

नरनाळा: किल्ला नव्हे, जंगलातलं गावच

अकोटच्या उत्तरेला सातपुड्यात नरनाळा आहे. इमादशाहीच्या संस्थापकाच्या काळातला, १४८७ चा महाकाली दरवाजा त्यावरच्या कोरीव कामासाठी बघावाच. गडावर तलाव आहेत, राणीमहाल आहे आणि नऊगजी तोफही आहे. मात्र हा भाग मेळघाटच्या संरक्षित जंगलात येतो. प्रवेश पायथ्याच्या शहानूरच्या नाक्यावरून, वनविभागाच्या वेळेनुसारच मिळतो. निघण्याआधी चौकशी करा.

एकाच रस्त्यावरचं १८०३

अडगाव, अकोट, अंजनगाव सुर्जी, अचलपूर, गाविलगड. नकाशात ही नावं सातपुड्यालगत एका ओळीत दिसतात. इंग्रज आणि मराठे यांच्या दुसऱ्या युद्धातला शिंदे-भोसल्यांशी चाललेला टप्पा याच पट्ट्यात संपला. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला देवगाव येथे नागपूरच्या भोसल्यांशी आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे शिंद्यांशी तह झाला. महिनाभरात मध्य भारताचं राजकारण बदललं. आज अंजनगाव सुर्जीला माणसं विड्याची पानं आणि पानपिंपळीच्या मळ्यांसाठी ओळखतात.

निवडताना हे चार प्रश्न विचारा

१. तिथे चार तास जातील का? एकच फोटो पॉइंट असेल तर चार मिनिटांत कंटाळा येतो. दरवाजे, नदीकाठ, बाजार असं फिरण्यासारखं हवं.

२. मुक्काम कुठे? छोट्या गावात हॉटेल नसेल तर अमरावती, अकोला किंवा परतवाडा इथे राहा आणि तासाभराच्या अंतरातली ठिकाणं धरा.

३. हवा कशी? एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उघड्या किल्ल्यावर दुपारी फिरणं तेव्हा खरंच धोक्याचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

४. त्या दिवशी काही उत्सव तर नाही ना? वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड घ्या. जुने वाडे आणि जैन मंदिरांचं हे गाव इतकं श्रीमंत होतं, की १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने ते लुटलं. पण ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आहे. गुरुवारी आणि दत्तजयंतीला भाविकांची गर्दी असते. निवांत फिरायचं असेल तर दुसरा वार निवडा.

दोन दिवसांचा साधा बेत

पहिला दिवस: सकाळी अमरावतीहून निघा, साधारण ५० किलोमीटरवर अचलपूर. दिवसभर गाव आणि हौज कटोरा बघा, रात्री परतवाड्यात राहा. दुसरा दिवस: अंजनगाव सुर्जीवरून अकोट, तिथून नरनाळा आणि संध्याकाळी अकोला. हातात आणखी एक सकाळ असेल तर बाळापूर.

गर्दी नाही, म्हणजे सोयही नाही

हे आधीच समजून निघालेलं बरं. या ठिकाणी गाइड, स्वच्छतागृह किंवा उपाहारगृह मिळेलच असं नाही. पाणी, टोपी आणि थोडे सुटे पैसे जवळ ठेवा. पडक्या भिंतींवर चढू नका. बुरुजाची वीट एकदा निखळली, की तिथे परत बसवायला सहसा कोणी येत नाही. भिंतीवर नावं कोरणं तर नकोच.

आणखी एक. ही गावं पर्यटकांसाठी मांडलेली नाहीत. दरवाजातून जाणारी बाई घरी निघालेली असते, कमानीखाली बसलेले आजोबा रोज तिथेच बसतात. रील काढण्याआधी विचारा. जेवण गावातच करा, फळं गावातच घ्या. आपल्या गावातले जुने दगड बघायला लोक लांबून येतात आणि चार पैसे खर्च करतात, हे दिसलं की ते दगड जपण्यात गावालाही रस वाटू लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी परतवाड्यात चहा झाला, की लगेच घाट धरू नका. अचलपूरच्या जुन्या दरवाजापर्यंत एक चक्कर मारून या. चिखलदरा कुठे जात नाही, पण हे दरवाजे किती वर्षं असेच उभे राहतील, ते सांगता येत नाही.